दोन मायक्रॉन जास्त

हिद्दच्या सुक्या गोदीत जानेवारीतला शमाल
जहाजाच्या पोटाखालून वाहतो, कान ठणकतात.
माझं काम रंगाची जाडी मोजणं.
रेड ऑक्साइडचा पिंप, वीस लिटर,
त्याच्या पाठीवर एकाच रंगाची सहा नावं छापलेली.
मी ती रोज वाचतो,
शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचावी तशी.

रेड. रोट. पुन्हा रोट, फक्त डचांनी त्यात दोन ओ घातलेत.
स्वीडनचा, ओठांचा चंबू करून म्हणायचा.
डेन्मार्कचा, ज्याचा शेवट जिभेवरच विरतो.
आणि आइसलँडचा रॉयदुर,
शेपटी अजून शाबूत असलेला.

भाऊ आहेत सगळे, विब्रन म्हणाला.
विब्रन रॉटरडॅमचा निरीक्षक,
उन्हाने त्याच्या नाकालाही तोच रंग आलेला.
मग बाप कुठाय, मी विचारलं.
त्याने खिशातून खडू काढला
आणि पाणरेषेखाली, पहिला थर सुकला होता तिथे,
आधी एक तारा काढला,
मग त्याला चिकटून लिहिलं: रौदाझ.

तारा कशाला?
कारण हा शब्द कुणी ऐकलेला नाही.
दगडावर नाही, चामड्यावर नाही.
मुलांच्या नाकाडोळ्यांवरून
बापाचा चेहरा काढलाय.
न पाहिलेल्याच्या कपाळावर हा लावतात.

सिराज परकार, दाभोळचा,
वाळूचा फवारा थांबवून ऐकत होता.
म्हणाला, आणि बापाचा बाप?
विब्रनने खडू आम्हा दोघांकडे रोखला.
त्याची एक पाती तुमच्याकडे गेली.

मी घरात शोधू लागलो.
लाल? तो तर फारसी, याच पाण्याच्या पलीकडच्या काठाचा.
तांबडा? तो तांब्याचा.
आमच्याकडे येऊन त्या पातीने
रंगाचा धंदाच सोडलेला.
कुणी नसांत उतरून रुधिर झालं,
कुणी तांबूस धातू म्हणून लोह,
मग धातू बदलला, काळा पडला, नाव तेच राहिलं,
त्याचंच पुढे लोखंड.
म्हणजे दिवसभर मी ज्याला हातोडीने वाजवून बघतो
तो पिंपावरच्या सहाही जणांचा
चुलतभाऊ.

गंजसुद्धा, विब्रन म्हणाला,
आमच्याकडे गंजाचं नावही त्याच घरातलं.

तर मग लोखंड गंजतं
तेव्हा ते खराब होत नसावं.
त्याला आपलं जुनं नाव आठवत असावं.
आणि आम्ही महिना एकशे ऐंशी दिनार घेऊन
ते पुन्हा विसरायला लावतो.

फोरमन जासिम चहा घेऊन आला.
आमचा अहमर यात कुठे बसतो?
विब्रन जरा अवघडला. नाही बसत, वेगळं घराणं.
बरोबर, जासिम म्हणाला, पाहुणे तुम्ही सगळे,
आणि पिंपाच्या झाकणावर चार पेले मांडले.

रात्री क्रेनच्या टोकाशी रोहिणी.
रोहिणी म्हणजे तांबडी,
तीही त्याच घरची लेक, लांब दिलेली.
रखवालदार अबू याकूब तिला दबरान म्हणतो,
मागून येणारा.
कुणाच्या मागून?
त्याने हातातल्या बॅटरीने कृत्तिका दाखवल्या,
जणू इतक्या उंच उजेड पोचतो.
त्याच्याकडे तो पुरुष आहे, माझ्याकडे बाई.
थंडी होती, वाद घातला नाही.

सकाळी दुसरा थर चढायचा होता.
खडू पुसून घ्यायचा असतो, नियम आहे,
आणि तो मीच नव्या पोरांना शिकवतो.
सिराजने एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

दुपारी मापक लावला.
सगळीकडे दोनशे चाळीस.
त्या एका जागी दोनशे बेचाळीस.

चालतं एवढं.